आरोप झालेले कलाकार पुन्हा मंचावर येतात तेव्हा

मंद्र

न्यू यॉर्क फिलहार्मोनिक हा १८४२ साली सुरू झालेला वाद्यवृंद. त्यातल्या दोन वादकांचं, एक ओबो वाजवणारा आणि एक ट्रम्पेट वाजवणारा, प्रकरण मी गेली काही वर्षं जमेल तसं वाचत आले आहे. ते इथे मांडते, कारण आपल्याकडच्या चर्चेत जे प्रश्न कायम धूसर राहतात ते तिथे कागदावर उतरलेले आहेत.

दोघांवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप होते. सप्टेंबर २०१८ मध्ये व्यवस्थापनाने एका माजी फेडरल न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली आणि दोघांना काढलं. दोघांनीही आरोप नाकारले. वादकांच्या संघटनेने, म्हणजे लोकल ८०२ ने, लवादाकडे दाद मागितली. २०२० मध्ये लवादाने सांगितलं की काढून टाकण्याइतका पुरावा नाही, यांना परत घ्या. घेतलं. ते वाजवत राहिले. एप्रिल २०२४ मध्ये न्यू यॉर्क मासिकात मोठा लेख आला आणि त्यात वाद्यवृंदातल्या एका माजी हॉर्नवादक स्त्रीने नाव लावून आपली हकीकत सांगितली. घटना २०१० मधली, कोलोरॅडोत व्हेल इथे दौऱ्यावर असतानाची. पोलिसांकडे ती तेव्हाच गेली होती, पण खटला उभा राहिला नाही. लेख आल्यावर दोघांना पुन्हा मंचापासून दूर ठेवलं, त्यांनी वाद्यवृंदावर दावा लावला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या चौकशीनंतर वाद्यवृंदाने दोघांचे करार पुढे न चालवण्याचा निर्णय घेतला.

यात ती हॉर्नवादक कुठे आहे बघा. घटनेच्या वेळी ती नवीन होती, अजून कायम व्हायची होती. तिला कायम केलं नाही. ती गेली. तिने परत यावं की नाही यासाठी कुठलाही लवाद बसला नाही, कुणी तारीख दिली नाही. ज्यांच्यावर आरोप होते त्यांच्या परतण्याची मात्र दोनदा चौकशी, एकदा लवाद आणि एकदा न्यायालय, एवढी यंत्रणा हलली.

बाकीची उदाहरणं तुम्हाला माहीत असतील. ऑपेरा गायक प्लासिडो डोमिंगो यांच्यावर ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१९ मधल्या असोसिएटेड प्रेसच्या बातम्यांत मिळून वीस स्त्रियांनी आरोप केले. फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्कोने लगेच कार्यक्रम रद्द केले. त्याच ऑगस्टमध्ये साल्झबर्गला प्रेक्षक उभं राहून टाळ्या वाजवत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या गायकांच्या संघटनेची चौकशी त्यांच्याविरुद्ध गेली. त्यांनी माफी मागितली आणि दोन दिवसांत तिचा बराचसा भाग मागे घेतला. अमेरिकेत दारं बंद, युरोपात उघडी. वाद्यवृंद-संचालक डॅनिएले गात्ती यांना ऑगस्ट २०१८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाने काढलं, डिसेंबरमध्ये रोमच्या ऑपेराने संगीत दिग्दर्शक नेमलं, २०२४ पासून ते ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख आहेत. आरोप त्यांनीही नाकारले होते.

आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये भोपाळच्या ध्रुपद संस्थानातल्या गुंदेचा बंधूंवर विद्यार्थिनींनी आरोप केले. रमाकांतजी २०१९ च्या नोव्हेंबरमध्येच गेले होते, उमाकांत आणि अखिलेश यांनी आरोप फेटाळले, संस्थेने समिती नेमली. ध्रुपद ऐकणाऱ्यांचं वर्तुळ लहान आहे. त्या वर्तुळात तेव्हा जी शांतता पसरली ती मी अजून विसरलेले नाही.

माझं मत सरळ सांगते. गाणं म्हणणं, वाजवणं हे कुणाकडून कायमचं काढून घेऊ नये. पण मंच म्हणजे मूलभूत हक्क नव्हे, ते आमंत्रण आहे, आणि आमंत्रण देणाऱ्याने आधी काही विचारलं पाहिजे: चौकशी झाली का, निष्कर्ष काय आला, तो या माणसाने मान्य केला का. आणि आरोपात तथ्य आढळलं असेल तर त्याच्या हाताखाली विद्यार्थी ठेवू नयेत. मंच एक गोष्ट, शिकवणं दुसरी. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

जर्सीकर

मी नदीपलीकडे न्यू जर्सीत राहतो, या वाद्यवृंदाच्या गेफन हॉलला अधूनमधून जातो. दोन गोष्टींची भर घालतो.

लवादाने 'हे निर्दोष आहेत' असं म्हटलेलं नव्हतं. नोकरीवरून काढण्यासाठी 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा हवा, तो व्यवस्थापनाला देता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण वर्तमानपत्रात आणि लोकांच्या तोंडी ते 'सुटले' असंच झालं. पुराव्याची पातळी आणि सत्य यांची ही गल्लत सगळीकडे होते.

दुसरं, इथल्या भरतीची पद्धत. वादक पडद्याआड बसून परीक्षा देतो, परीक्षकांना कळत नाही की बाई आहे की पुरुष. ओरिन ओ'ब्रायन १९६६ मध्ये या वाद्यवृंदात आली तेव्हा ती तिथली एकटीच स्त्री होती, आणि २०२२ मध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा एकने जास्त झाली, ४५ विरुद्ध ४४. पडद्याचा यात मोठा वाटा आहे. पण पडदा फक्त दारापर्यंत. आत आल्यावर कायम व्हायचं की नाही हे शेजारी बसणारे ज्येष्ठ वादक आणि संगीत दिग्दर्शक ठरवतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याचे मित्रच मत देणार असतील तर नवीन मुलगी तोंड कसं उघडेल? मंद्र यांनी लिहिलं आहे की ती गेली. ती याच टप्प्यावर गेली.

संघटनेला शिव्या घालणं सोपं आहे, मी घालणार नाही. सभासदाला विनाकारण काढू नये यासाठी लढणं हे तिचं कामच आहे. पण तक्रार करणारीही त्याच व्यवसायातली असते. तिच्या बाजूने कोण लढणार हे करारात कुठेच लिहिलेलं नसतं.

न्यू यॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन ऑपेराचे संगीत-संचालक जेम्स लिव्हाइन यांचंही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मार्च २०१८ मध्ये चौकशीनंतर काढलं, त्यांनी दावा लावला, ऑपेराने उलटा दावा लावला, २०१९ मध्ये तडजोड झाली आणि नंतर बाहेर आलं की त्यांना ३५ लाख डॉलर मिळाले. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरेन्सला त्यांचं पुनरागमन ठरलं होतं, ते कोविडच्या साथीमुळे झालं नाही, आणि मार्चमध्ये ते वारले. मंचावर अडीच हजारांहून जास्त वेळा उभा राहिलेला माणूस. त्यांनी बसवलेला वॅग्नर ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. ते खरं आहे आणि चौकशीतलंही खरं आहे, दोन्ही मी खिशात घेऊन फिरतो.

निषाद

मंद्र ताई, तुमची तळमळ कळते, पण मला काही गोष्टी मांडल्याच पाहिजेत.

२०१८ मध्ये 'मी टू'च्या लाटेत समाजमाध्यमांवर जे आलं त्यातलं बरंच निनावी होतं. अमुक वादकाने तमुक साली असं केलं, सांगणारी कोण ते माहीत नाही, तारीख नाही, साक्षीदार नाही. त्यावर लोकांचे कार्यक्रम गेले. मी तबला वाजवतो, साथीला जातो. मुख्य गायकाचं नाव झालेलं असतं, घर चालण्याइतकी पुंजी असते. साथीदाराचं तसं नसतं. त्याचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, त्यातच वर्षाची कमाई. एक हंगाम गेला की मुलांची फी थकते. आणि आरोप सिद्ध झाला नाही तर तो हंगाम परत कोण देतं?

तुम्ही म्हणता चौकशी झाली का ते विचारा. कुणी करायची चौकशी? शास्त्रीय संगीतात कुणी कुणाचा नोकर नाही. आयोजकाकडे चार हौशी माणसं असतात. ते काय साक्षी तपासणार? म्हणजे व्यवहारात होणार एवढंच की नाव आलं की माणूस बाद. टीव्हीवरच्या एका संगीतकाराचं बघा. अनु मलिक २०१८ मध्ये परीक्षकाच्या खुर्चीवरून उठले, २०१९ मध्ये परत आले, ओरड झाली म्हणून पुन्हा गेले. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने पुराव्याअभावी प्रकरण बंद केलं. आरोप त्यांनी पहिल्यापासून नाकारले होते. मग आता त्यांनी काय करायचं? कोणत्या कागदाने तुमचं समाधान होईल?

मी कुणाची बाजू घेत नाही. ज्याने केलंय त्याला शिक्षा व्हावी, कडक व्हावी. पण 'परत येऊ द्यावं का' हा प्रश्न विचारताना आपण धरून चालतो की त्याने केलंच आहे. धाग्याच्या शीर्षकात 'आरोप झालेले' आहे, 'दोषी ठरलेले' नाही.

कोमल_रिषभ

निषाद यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. तरीही परीक्षकाच्या खुर्चीचा मुद्दा वेगळा वाटतो. समोर सोळा-सतरा वर्षांच्या मुली गाणार, त्यांचं पुढचं सगळं त्या खुर्चीवर अवलंबून. तिथे संशयाचा फायदा कुणाला द्यायचा? वाहिनीला दुसरा परीक्षक मिळतो. त्या मुलीला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

वकिलीण

निषाद, 'कुणी करायची चौकशी' हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं थोडं उत्तर कायद्यात आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अंतर्गत समिती सक्तीची करतो. संगीत संस्था, अकादमी, ट्रस्ट, वाहिनी, सगळे त्यात येतात. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. किती संगीतप्रेमींना तिचा पत्ता माहीत आहे? तक्रार करणारी बाई पगारी नोकर असलीच पाहिजे असं नाही. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत घरसुद्धा येतं. आता एकट्या गुरूच्या घरी शिकणाऱ्या मुलीला हा कायदा लावायचा तर वकिलाला घाम गाळावा लागेल, हे मान्य. पण 'आमच्या क्षेत्रात कायदाच नाही' असं म्हणणं बरोबर नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पोक्सो आहे, तिथे गुरू-शिष्य वगैरे काही आड येत नाही.

अडचण मुदतीची आहे. २०१३ च्या कायद्यात तक्रार तीन महिन्यांत करायची, समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. गाण्यातली शिष्या सहा महिन्यांत काय करणार? ती तर अजून त्याच घरात असते. फौजदारीत विनयभंगापेक्षा सौम्य कलमांना तीन वर्षांची मर्यादा लागते. म्हणून या गोष्टी दहा वर्षांनी फेसबुकवर येतात. बायकांना कायद्याला वळसा घालायची हौस नसते, कायद्याची दारं तोवर बंद झालेली असतात.

आणि बोलण्याची किंमत. पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी संपादक आणि माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला, म्हणून अकबर यांनी त्यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडताना म्हटलं की स्त्रीला कित्येक दशकांनंतरही, तिला वाटेल त्या व्यासपीठावर तक्रार मांडण्याचा हक्क आहे. निकाल चांगला आहे. पण त्या निकालापर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ त्या आरोपीच्या पिंजऱ्यात होत्या. ज्येष्ठ पत्रकाराची ही गत, तर ध्रुपद शिकायला आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीची काय होईल?

खोट्या तक्रारीबद्दल: कायद्यात त्यासाठीही कलम आहे. मात्र आरोप सिद्ध करता न येणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे.

अड्यारकर

नोकरीमुळे बरीच वर्षं चेन्नईत आहे. इथे २०१८ मध्ये जे झालं ते महाराष्ट्रात फारसं पोचलं नाही.

मद्रासची म्युझिक अकादमी १९२८ ची. डिसेंबरच्या हंगामात तिथे गायला मिळणं म्हणजे कर्नाटक संगीतात पोचलात. ऑक्टोबर २०१८ मध्ये अकादमीने त्या वर्षीच्या हंगामातून सात कलाकारांना वगळलं. त्यात मोठी नावं होती, एकाला आदल्याच वर्षी अकादमीचा सर्वोच्च सन्मान, संगीत कलानिधी, मिळालेला होता. कलाकारांनी आरोप नाकारले. तेव्हा कोणत्याही न्यायालयाचा निकाल नव्हता, निषाद म्हणतात ते खरं आहे. पण जी संस्था तोवर वेळेवर मंच आणि सकाळची चर्चासत्रं यापलीकडे काही बोलत नसे तिने पहिल्यांदा म्हटलं की आमच्या मंचावर कोण बसतं याला आम्ही जबाबदार आहोत. कँटीनमध्ये तेव्हा दोनच विषय होते, दुसरा सांबार वडा. बायका पहिल्यांदा एकमेकींशी उघड बोलताना दिसत होत्या. ते दृश्य मला निकालापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

पण मला सांगायचं आहे ते गायिका चिन्मयी श्रीपादाबद्दल. आपल्याला तिचा आवाज 'सैराट'मुळे माहीत आहे. तिने ऑक्टोबर २०१८ मध्ये गीतकार वैरमुत्तू यांच्यावर आरोप केले आणि इतर बायकांनी पाठवलेल्या हकीकतीही पुढे आणल्या, कर्नाटक संगीतातल्यासुद्धा. वैरमुत्तू यांनी आरोप नाकारले. नोव्हेंबरमध्ये डबिंग कलाकारांच्या संघटनेने तिला काढलं. कारण दिलं वर्गणी थकल्याचं. म्हणजे तमिळ चित्रपटांत तिचं डबिंग बंद. त्याच वर्षी तिने अभिनेत्री त्रिशाला दिलेला आवाज सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता. पुन्हा त्रिशासाठी मोठ्या तमिळ चित्रपटात तिचा आवाज आला तो २०२३ च्या 'लिओ'मध्ये, तोही दिग्दर्शक आणि निर्मात्याने संघटनेचा रोष पत्करला म्हणून. मे २०२५ मध्ये 'ठग लाइफ'च्या गाण्यांच्या प्रकाशनाला मूळ गायिका येऊ शकली नाही म्हणून ती गायली आणि ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. लोक विचारायला लागले, एवढी वर्षं हा आवाज होता कुठे?

आणि वैरमुत्तू? त्या काळात त्यांची गाणी येतच होती. २०२१ मध्ये केरळच्या ओएनव्ही साहित्य पुरस्कारासाठी नाव जाहीर झालं, विरोध झाला, त्यांनी तो नाकारला. एवढंच.

तर 'परत यावं का' हा प्रश्न आपण नेहमी एकाच माणसाबद्दल विचारतो. चिन्मयीच्या परतण्यावर धागा निघाला होता का कुठे?

पंचम

मला वेगळा प्रश्न पडतो. ज्याच्या ध्वनिफिती घरात आहेत, ज्याचा मारवा ऐकत मी मोठा झालो, त्याचं आता काय करू?

मंद्र

पंचम, तो प्रश्न तुमचा आणि तुमच्या कानांचा आहे, त्यात बाहेरच्याने बोलू नये असं मला वाटतं. जुनी ध्वनिफीत ऐकून कुणाच्या खोलीचं दार बंद होत नाही. आजच्या कार्यक्रमाचं तिकीट काढणं वेगळं. त्या तिकिटाने आज कुणाला तरी मोठं केलं जातं.

गंधार

बरेच दिवस इथे फक्त वाचते. आज लिहिते. नाव कुणाचंही घेणार नाही, शहरही सांगणार नाही. विचारू नका.

मी गुरूंच्या घरी राहून शिकत होते. पहाटे खर्ज, मग घरातली कामं, मग तालीम कधी होईल ते त्यांच्या मर्जीवर. हे मला जाचक वाटत नव्हतं, मी ते आनंदाने करत होते. ज्यांनी असं शिकलेलं नाही त्यांना हे समजत नाही की त्या घरात तुमचं सगळं एकाच माणसाच्या हातात असतं. बंदिशी त्यांच्या वहीत. तानपुऱ्यावर मागे कुणाला बसवायचं तेही तेच ठरवणार. आयोजकांशी ओळख तेच करून देणार. शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही त्यांची. आकाशवाणीच्या ऑडिशनला कोणते राग द्यायचे तेही त्यांनाच विचारायचं. आणि जे झालं ते सांगायला जायचं तर कुणाकडे? गुरुपत्नी त्याच घरात.

मी बाहेर पडले तेव्हा आईवडिलांना सांगितलं की तब्येत बरी नाही. दुसऱ्या गुरूंकडे गेले तर पहिला प्रश्न: तिथून का सोडलं? खरं सांगितलं असतं तर वादग्रस्त मुलगी, नाही सांगितलं तर उद्धट मुलगी, गुरू सोडणारी. घराण्यातल्या लोकांनी फोन घेणं बंद केलं. शिकलेल्या बंदिशी गाव्यात की नाही हेही कळेना, कारण गायले की लोक विचारणार, कुणाकडची? आता मी शाळेत संगीत शिकवते. गाणं सुटलं असं नाही म्हणणार, पण मैफल सुटली.

निषाद दादा, तुमच्या हंगामाची काळजी मला कळते. साथीदाराचे हाल मी पाहिले आहेत. फक्त एवढं लक्षात घ्या की माझेही हंगाम गेले, आणि ते कुणी मोजले नाहीत कारण ते सुरूच झाले नव्हते.

मंद्र ताई, तुमचं एक म्हणणं मला मान्य नाही. मंच एक आणि शिकवणं दुसरं, असं आपल्याकडे होत नाही. अमेरिकेतला वादक वाद्यवृंदात वाजवतो, महाविद्यालयात शिकवतो, दोन पगार, दोन करार, एक थांबवता येतो. आपल्याकडे शिष्या मंचावरूनच येतात. मैफल रंगली की आईवडील मुलीला घेऊन ग्रीनरूममध्ये येतात, पायावर घालतात, 'हिला तुमच्या पदरात घ्या' म्हणतात. मीही तशीच गेले. त्यामुळे त्यांना गाऊ द्या आणि शिकवू देऊ नका, हे कागदावर ठीक आहे. गाऊ दिलं की शिकवणं आपोआप सुरू होतं.

त्यांचा कार्यक्रम मी अजून कधी कधी यूट्यूबवर लावते. गाणं ऐकत नाही. मागे तानपुऱ्यावर कोण बसलंय ते बघते.

जर्सीकर

गंधार, लिहिलंत त्याबद्दल आभार. बाकी काही बोलायला सुचत नाही.

निषाद

गंधार ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. तुम्ही सांगता ती घरं मलाही माहीत आहेत. साथीला गेल्यावर आम्हाला दिसतं. मुलगी जेवायला वाढते तेव्हा तिचे डोळे कुठे आहेत ते दिसतं. आम्ही बोलत नाही कारण पुढचा कार्यक्रम जाईल.

माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. निनावी पोस्टवर माणूस उठवू नये. पण तुमच्या बोलण्यातून एक वेगळी गोष्ट निघते, की कुणाला दोषी न ठरवताही काही गोष्टी बदलता येतात. तानपुऱ्याच्या मुली कुठे उतरतात, कुणाच्या गाडीतून जातात, रात्री कुठे असतात. याला कुणाचं नाव घ्यायला लागत नाही.

बैठक_मंडळ

आमचं एका लहान गावातलं संगीत मंडळ आहे. वार्षिक वर्गणीवर चालतं, महिन्याला एक बैठक, वर्षातून एकदा दोन दिवसांचा उत्सव. या धाग्यात आयोजकांचं नाव सारखं येतंय म्हणून लिहितो.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो. अध्यक्षांनी कलाकाराला फोन करायचा, तारीख आणि बिदागी ठरवायची, तोंडीच. लेखी काही नाही. कलाकार आणि साथीदार कुठल्यातरी सभासदाच्या घरी उतरतात, हॉटेलचा खर्च परवडत नाही. तानपुऱ्याला कलाकाराबरोबर शिष्या येतात, त्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नसतात. पत्रिकेत छापत नाही. बिदागी एकाच पाकिटात कलाकाराच्या हातात. त्यातून शिष्येला काय मिळतं, मिळतं का, आम्ही आजवर विचारलेलं नाही.

मागे एका कलाकाराबद्दल कुजबुज होती. कार्यकारिणीत तासभर वाद झाला. एक म्हणाले आपण न्यायाधीश नाही, दुसरे म्हणाले आपण धर्मशाळाही नाही. शेवटी 'तारखा जुळत नाहीत' असं कळवून विषय संपवला. ते कुणालाच न्याय देणारं नव्हतं. कलाकाराला आपली बाजू मांडता आली नाही, आणि ज्या मुलीने सांगितलं होतं तिलाही कळलं नाही की कुणी ऐकलं.

मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे ते असं. येणाऱ्या प्रत्येक कलाकाराला, थोर असो की नवखा, स्त्री असो की पुरुष, एक पत्र जाईल. त्यात लिहायचं की साथीच्या सगळ्यांची, तानपुरा धरून, नावं आधी कळवावीत, ती पत्रिकेत छापली जातील. साथीच्या मुलींची उतरण्याची सोय वेगळ्या घरी होईल. मानधन प्रत्येकाला वेगळ्या पाकिटात मिळेल. कुणाही समितीने किंवा न्यायालयाने लैंगिक छळाबद्दल विरोधात निष्कर्ष दिला असेल तर तो कळवावा, आणि तसा निष्कर्ष असेल तर आम्ही कार्यक्रम ठेवणार नाही. मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंचा फोन नंबर सगळ्यांना दिला जाईल. निष्कर्षानंतर कलाकाराने शिक्षा भोगली, माफी मागितली, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना ती पोचली, तर पुन्हा विचार करायचा का, यावर आमच्यात एकमत होणार नाही. माझं मत: करायचा, पण मंडळाच्या सर्वसाधारण सभेत, उघड.

वकिलीणबाई, यात कायद्याने काही चुकत असेल तर सांगा.

वकिलीण

चांगलं आहे. तीन दुरुस्त्या.

समितीच्या चौकशीतला मजकूर आणि दोन्ही बाजूंची नावं जाहीर करायला २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ ने बंदी आहे. म्हणून निष्कर्षाची प्रत मागू नका. 'असा निष्कर्ष नाही' एवढं कलाकाराचं लेखी निवेदन घ्या, आणि ते खोटं निघालं तर करार रद्द, असं वाक्य घाला. कार्यक्रम रद्द करावा लागला तर बाहेर कारण सांगत बसू नका, पत्रातल्या अटीचा हवाला पुरे. नाहीतर बदनामीचा दावा तुमच्या अध्यक्षांवर येईल.

दुसरं, चौकशी चालू असेल तर काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. निषाद यांची भीती इथेच आहे. माझा सल्ला: चौकशी चालू असताना कार्यक्रम पुढे ढकला, रद्द करू नका, आणि साथीदारांची ठरलेली बिदागी द्या. त्यांचा त्यात काही संबंध नसतो.

तिसरं, त्या ज्येष्ठ बाईंच्या नंबरखाली तुमच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता छापा. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली की मिळेल. नाही मिळाला तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, समिती आपोआप जागी होईल.

निषाद

ढकललेल्या कार्यक्रमाची बिदागी साथीदारांना, हे वाक्य त्या पत्रात आलं तर मी स्वतः पाच-सहा मंडळांकडे ते घेऊन जातो.

मंद्र

बैठक_मंडळ, मसुदा झाला की इथेच टाका, पुण्यातल्या दोन मंडळांशी मी बोलते. गंधार, तुम्हाला यात काही राहिलंय असं वाटतं का?

गंधार

हो. तानपुऱ्याच्या मुलीचा फोन नंबर गुरूंकडून घेऊ नका. ती स्टेशनवर उतरली की तिच्याकडूनच घ्या, आणि घरी पोचल्यावर मंडळातल्या त्या बाईंनी तिला एक फोन करावा.